भाकड काळाचा हिशेब



‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे आपण मुलांना नेहमी सांगतो. पण ते अंथरूण मोजायचे कसे, हे त्यांना कोण शिकवतो?

एक अनुभव सांगतो. बी. ए. ला अर्थशास्त्र घेतलेला माझा एक विद्यार्थी होता. मागणी-पुरवठ्याचे नियम त्याला तोंडपाठ. नोकरीची वाट न पाहता त्याने कर्ज काढून म्हैस घेतली, तेव्हा मला आनंदच झाला. दुसऱ्या वर्षी भेटला तो म्हणाला, “सर, म्हैस विकली. या धंद्यात काही राम नाही.” मी म्हटले, “जमाखर्चाची वही दाखव पाहू.” वही नव्हतीच! तेव्हा मनात आले, नापास तो नव्हे, मी झालो.

त्याचे चुकले कुठे? समजुतीसाठी काही आकडे घेऊ. आपण आपल्या गावचे भाव घालून तेच गणित करावे. समजा, म्हैस रोज ६ लिटर दूध देते आणि लिटरला ६० रुपये मिळतात. जमा झाले ३६० रुपये. चारा, पेंड, औषधपाणी यांचे २२० वजा केले की उरतात १४०. पोरगा म्हणतो, रोजची १४० रुपयांची कमाई झाली!

पण म्हैस बारमाही दूध देत नाही. ३०० दिवस दूध दिले आणि पुढे १२० दिवस ती भाकड राहिली, असे धरा. दूध थांबले तरी तिचे खाणे थांबत नाही. त्या काळात रोज १२० रुपये लागले, तर १४,४०० रुपये गेले. दुभत्या दिवसांत उरलेल्या ४२,००० मधून ते वजा करा. राहिले २७,६००. ते ४२० दिवसांवर वाटले, तर दिवसाला साधारण ६५ रुपये पडतात. महिन्याला दोन हजारांच्याही आत. यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. कर्जाचा हप्ता याहून मोठा असेल, तर म्हैस विकण्याची पाळी येणारच. उलट, पहिल्या दिवसापासून रोज ४८ रुपये बाजूला टाकले असते, तर भाकड काळाचे १४,४०० आपोआप जमले असते.

हे गणित केवळ म्हशीचे नव्हे. रसवंतीवाल्याचा पावसाळा आणि मंडपवाल्याचे बिनमुहूर्ताचे महिने हाही भाकड काळच. कोणताही धंदा सांगणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न हाच विचारा : “तुझे भाकड दिवस कोणते?”

मग शिकवायचे कसे? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग खेड्यापाड्यांतल्या मुलांना दाखवला. कष्ट हे शिक्षणाच्या आड येत नाहीत, हा त्यातला धडा. त्याला आपण वहीची जोड देऊ या.

शाळेच्या परसबागेत मेथीचे दोन वाफे मुलांकडे सोपवा. बी, खत आणि मुलांची मजुरीसुद्धा खर्चात लिहायला लावा. खत घरचे असले तरी फुकट धरू नका, बाजारभावाने मांडा. विक्री मुलांनीच करावी, जमा आणि खर्च त्यांनीच लिहावा. तोटा आला तर रागावू नका. वाफ्यातला तोटा दहा-वीस रुपयांचा असतो. तोच धडा पुढे शिकायचा झाला, तर घरची म्हैस जाते.

दहा वर्षांच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. मेथीचे उरलेले पैसे तिथे टाकावेत, पासबुक मुलानेच सांभाळावे.

आणि पालकहो, घरचा बाजारहाट झाला की संध्याकाळी मुलाला जवळ बसवा. काय आणले, कितीला आणले, उरले किती, हे त्याच्या हाताने लिहून घ्या. घराची ओढाताण मुलांपासून लपवून ती सुखी होत नाहीत. ती समजली, तर मात्र शहाणी होतात.