बारावीनंतर वाणिज्य व व्यवस्थापन : पदवीच्या वाटा आणि आपली निवड

कल्याणच्या दुर्गाडीजवळ खाडीवरचा पूल ओलांडला की कोन गाव लागते आणि तेथून रस्ता भिवंडीकडे जातो. या परिसराचे व्यापाराशी नाते फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तांतात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी भिक्खुसंघाला दिलेल्या दानाच्या नोंदी आजही वाचता येतात. व्यापार आणि धम्म यांचा सहवास आपल्या मातीला नवा नाही.

आज याच परिसरात यंत्रमागांची खडखड आहे आणि काल्हेर, पूर्णा, माणकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामांच्या रांगा पसरल्या आहेत. या गोदामांत माल उतरविणारे, चढविणारे, गाडी हाकणारे हात बहुतांशी कष्टकरी घरांतील आहेत. त्याच गोदामांतील साठ्याची नोंद, करांचा भरणा, वाहतुकीचे नियोजन, बँकेचे व्यवहार ही कामे मात्र शिकलेल्या माणसांच्या हाती असतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, पाठोपाठ १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले. हिशेबाचे काम वाढले आणि ते जाणणाऱ्यांची गरजही वाढली. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी या साखळीत कोठे उभा राहणार, हा प्रश्न बारावीनंतरच्या प्रवेशाशी थेट जोडलेला आहे.

हा मार्ग आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. समाजाच्या हाती कायद्याइतकीच अर्थव्यवहाराची विद्याही असावी, ही दृष्टी त्यामागे दिसते.

आता प्रत्यक्ष पर्याय पाहू. कोन, भिवंडी, कल्याण येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. भिवंडीचे बी.एन.एन. महाविद्यालय, कल्याणची बिर्ला व अग्रवाल महाविद्यालये ही नावे पालकांच्या परिचयाची आहेत.

पहिला पर्याय बी.कॉम. लेखाकर्म, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, कर, लेखापरीक्षण असा त्याचा विस्तृत पाया आहे. अनेक महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम अनुदानित असल्यामुळे शुल्क तुलनेने कमी असते. सनदी लेखापाल व्हावयाचे असेल तर पंचावन्न टक्के गुणांसह वाणिज्य पदवी मिळविणाऱ्यास प्राथमिक परीक्षा न देता थेट मध्यम स्तरावर नोंदणी करता येते. ‘साधे बी.कॉम.’ असे म्हणून या पदवीस कमी लेखण्याची प्रथा पडली आहे; ती योग्य नाही.

दुसरा पर्याय विशेष वाणिज्य पदव्यांचा : लेखा व वित्त, बँकिंग व विमा, वित्तीय बाजार. याही बी.कॉम.च आहेत, केवळ एका विषयावर भर अधिक. आकडेमोडीची आवड असणाऱ्याने लेखा व वित्त घ्यावे. बँकेच्या कामकाजाचा ओढा असणाऱ्याने बँकिंग व विमा.

तिसरा पर्याय व्यवस्थापन पदवीचा, म्हणजे बी.एम.एस. मुंबई विद्यापीठात ती १९९९-२००० पासून आहे. विपणन, वित्त, मनुष्यबळ यांपैकी एका अंगाचा विशेष अभ्यास तीत होतो. सादरीकरण, प्रकल्प, गटकार्य यांवर भर असतो. येथे एका बदलाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. २०२४-२५ पासून बी.एम.एस., बी.बी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचे नाव बदलून बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास) असे केले. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी पदवीचे नेमके नाव काय, परीक्षा द्यावी लागते काय आणि अभ्यासक्रम अनुदानित की विनाअनुदानित, हे तीन प्रश्न कार्यालयात अवश्य विचारावेत. विनाअनुदानित अभ्यासक्रमाचे शुल्क अनुदानिताच्या अनेक पट असू शकते.

चौथा पर्याय घरच्या परिस्थितीमुळे नोकरी करावी लागणाऱ्यांचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून बी.कॉम. करता येते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांची, तर ऑनर्ससह चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. ती अडचणीच्या वेळची सोय समजावी. ते मुक्कामाचे ठिकाण नव्हे.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. राज्यसेवा आणि बँकांच्या बहुतेक परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. एम.बी.ए.चा प्रवेशही सामाईक परीक्षा आणि पदवीच्या गुणांवर ठरतो. म्हणून केवळ भारदस्त नावासाठी कर्ज काढून महाग अभ्यासक्रम घेणे आणि दुसऱ्या वर्षी शुल्काअभावी तो सोडणे, यासारखी हानी दुसरी नाही. घरात पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाला, विशेषतः मुलीला, मध्येच सुटलेले शिक्षण पुन्हा धरणे फार कठीण जाते.

आर्थिक आधाराच्या योजना आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. घरापासून दूर शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी बारावीच्या वर्षातच पूर्ण करावी. सामाईक परीक्षेतून राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा असल्यास जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही तेव्हाच करावा. निकालानंतर धावपळ केल्यास हक्काची जागा हातची जाते.

शेवटी, पदवी कोणतीही असो, ती कशासाठी वापरावयाची याचे उत्तर आपल्या परंपरेत आहे. भगवान बुद्धांनी कोलिय कुळातील दीघजाणू या गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखाचे चार आधार सांगितले : उद्योगात कौशल्य, कमावलेल्याचे रक्षण, सन्मित्रांची संगत आणि मिळकत व खर्च यांचा तोल राखणारी उपजीविका. वाणिज्य शिक्षणाचा सारा आशय या चार शब्दांत सामावला आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, ही मर्यादाही त्यांनीच घालून दिली. हिशेब खरा ठेवणे आणि कोणाचे अहित करून न कमावणे, ही सम्यक आजीविका होय.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आपल्यापैकी जे बँकेत, कर-सल्लागाराकडे वा गोदामाच्या कार्यालयात कार्यरत आहेत, त्यांनी दरवर्षी निकालाच्या सुमारास एक दिवस विद्यालयासाठी द्यावा. अर्ज भरताना शेजारी बसलेला एक जाणकार माणूस एखाद्या मुलाची तीन वर्षे वाचवू शकतो.