मादी उंदरांचे ऋण

आजींच्या औषधांच्या डब्यात हाडांच्या बळकटीची गोळी असेल, तर तिच्यामागे प्रयोगशाळेतील मादी उंदरांचे ऋण आहे. अंडाशय काढलेल्या मादीची हाडे, रजोनिवृत्तीनंतर स्त्रीची होतात तशीच, विरळ होत जातात. म्हणूनच अस्थिठिसूळतेवरील औषधे आधी तिच्यावर पारखली जातात.

इतर संशोधनात मात्र ती दीर्घकाळ उपेक्षित राहिली. तिचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे. त्यातील संप्रेरकांच्या चढउतारांनी निष्कर्ष डळमळतील, या समजुतीने नरांनाच पसंती मिळे. पुढील अभ्यासांत ही समजूत टिकली नाही. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या अनुदानावरील प्राणिसंशोधनात नर-मादी भेदाचा विचार अपेक्षित धरला.

हा भेद आपल्या घरापर्यंत कसा पोहोचतो, ते पाहा. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून अधिक सावकाश बाहेर पडते. सकाळपर्यंत गुंगी राहण्याचा धोका ओळखून २०१३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी त्याची नेहमीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. हाडे ठिसूळ असताना अशा गुंगीत तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही.

म्हणून आजोबांची गोळी आजींना परस्पर देऊ नका. ‘ही मात्रा यांच्या वयाला व प्रकृतीला योग्य आहे ना?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. मात्र चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका.