क्यांतीचं द्राक्ष अकलूजच्या मातीत

जानेवारी उजाडला की आपल्या इथल्या सुपरमार्केटांत भारतीय द्राक्षं दिसू लागतात. पेटीवर नाशिक किंवा सांगलीचं नाव शोधण्याची सवय बहुतेक मराठी घरांना असते. वाइनच्या द्राक्षांशी मात्र आपली ओळख नसते. हॉटेलच्या यादीत इटालियन नावं आली की जीभ अडखळते. वाइन प्यायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. माहिती करून घ्यायला मात्र हरकत नाही, कारण या गोष्टीचं एक टोक थेट आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहे.

आधी चवीबद्दल. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकाच असतो. रस सालींसकट आंबवला की सालीतून रंग उतरतो आणि त्यासोबत टॅनिनही. टॅनिन म्हणजे काय हे सांगायला मराठीत एकच शब्द पुरे: तुरट. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कडक कोरा चहा प्यायल्यावर जिभेला जे होतं, तेच. आंबट किती आणि तुरट किती, एवढं लक्षात ठेवलं तरी इटलीची मुख्य द्राक्षं वेगळी ओळखता येतात.

पहिलं टस्कनीचं सांजोवेझे. आंबटपणा ठसठशीत, तुरटपणाही बऱ्यापैकी, स्वाद आंबट चेरीसारखा. टोमॅटोच्या पदार्थांशी त्याचं जमतं ते या आंबटपणामुळेच. 'क्यांती' (उच्चार 'चियांती' नव्हे) मुख्यतः याच द्राक्षाची. क्यांती क्लासिकोमध्ये ते किमान 80 टक्के असावंच लागतं. काळ्या कोंबड्याचं चिन्ह ही तिची खूण. ब्रुनेल्लो दि मोंतालचिनो मात्र शंभर टक्के सांजोवेझेची.

दुसरं उत्तरेकडच्या पिएमोंतेचं नेब्ब्योलो. रंग फिका, म्हणून चव सौम्य असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तुरटपणा जबरदस्त. त्यापासून होणारी बारोलो किमान 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही आणि त्यातले 18 महिने ती लाकडी पिंपात असते. त्याच भागातलं बार्बेरा नेमकं उलट: आंबट जास्त, तुरट कमी.

तिसरं व्हेनेतोचं कोर्व्हिना. हे तासगावकरांना चटकन समजेल. आमारोने ही वाइन करताना द्राक्षं तोडून थंडीत काही महिने सुकवतात. वजन बरंच घटतं, साखर घट्ट होते आणि मगच रस काढतात. आपल्याकडे द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांवर वाळवून बेदाणा होतो. तिथे वाट अर्ध्यावर थांबवून वाइन होते. दक्षिणेकडच्या उन्हातली पुल्याचं प्रिमितिव्हो आणि सिसिलीचं नेरो दाव्होला ही द्राक्षं पिकल्या फळाच्या भरदार चवीची.

लेबल वाचताना एक घोळ हमखास होतो. काही बाटल्यांवर द्राक्षाचं नाव असतं, काहींवर गावाचं. जसं आपण कधी 'हापूस' म्हणतो, कधी 'देवगड'. 'मोंतेपुलचानो दाब्रुत्सो'मध्ये मोंतेपुलचानो हे द्राक्ष आहे. 'व्हिनो नोबिले दि मोंतेपुलचानो'मध्ये ते टस्कनीतलं गाव आहे आणि द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे! बाटलीवरचं 'डीओसी' म्हणजे ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या नियमांनी केलेली वाइन. ही पद्धत 1963च्या कायद्यातून आली. 'डीओसीजी' ही त्याहून कडक पायरी.

आता अकलूज. उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात 2007च्या सुमारास 'फ्रातेल्ली' उभी राहिली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावांच्या तीन जोड्या त्यात होत्या. वाइन करणारे पिएरो मासी टस्कनीचे. त्यांनी सांजोवेझे इथे रुजवलं. त्यांच्या 'सेत्ते' या वाइनमध्ये ते काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षासोबत असतं.

द्राक्ष तेच, पण वर्षाचं चक्र वेगळं. टस्कनीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी, मग थंडीत वेल झोपतो. महाराष्ट्रात तो झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटणी: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळ छाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे आपण फराळ करतो तेव्हा तिकडचा रस पिंपात असतो आणि इकडे वेलीला नवी फूट येत असते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा सोपा व्यवहार नाही. खायच्या द्राक्षाला अवकाळी पावसाची आणि पडत्या भावाची भीती. वाइनच्या द्राक्षाचा दर कारखान्याशी आधी ठरतो, हा आधार. पण मणी बारीक, साल जाड, आत बिया. कारखान्याने घेतलं नाही तर बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. राज्याने 2001 मध्ये वाइन धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले, बागा वाढल्या. नंतर 2008च्या मंदीत मागणी आटली आणि नाशिककडच्या अनेकांना वाइनच्या बागा उपटाव्या लागल्या. सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला, तेव्हा शेतकऱ्याचं हित एका बाजूला आणि दारूने घरं मोडतात ही भीती दुसऱ्या बाजूला, असा वाद राज्यभर पेटला. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. गावात दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायकांना 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं सांगून गप्प करता येणार नाही. आणि बाग उपटणाऱ्याला नुसत्या नीतीच्या गोष्टी सांगूनही भागणार नाही.

आपल्या इथे नियम स्पष्ट आहेत: शारजात पूर्ण बंदी, इतरत्र वयाची अट 21 वर्षं, आणि पिऊन गाडी चालवणं अजिबात चालत नाही. ज्यांना चव घ्यायची नाही त्यांनीही पुढच्या जानेवारीत गावी गेल्यावर मुलांना वाइनच्या द्राक्षांची एखादी बाग जरूर दाखवावी. बारीक मणी, जाड साल आणि दाताखाली येणारी बी पाहिली की दुकानातली बिनबियांची द्राक्षं आणि ही द्राक्षं यांतला फरक त्यांना लगेच कळेल.