गाडीचा स्टीरिओ आणि आक्कांच्या ओव्या

मागच्या महिन्यात मिक्सरची भांडी आणि रबरी रिंगा यांबद्दल बोललो, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं होतं, की गाडीतल्या स्टीरिओबद्दलही एकदा सांगा. गाडी आपण चालवतो, पण स्टीरिओला हात लावायची वेळ आली की घरातल्या मुलाला हाक मारतो. आज तोच विषय घेऊ. आम्ही सीवूड्सच्या चौघी मैत्रिणी, आणि हे सगळं आम्ही आमच्याच एका गरजेपोटी शिकलो.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला वाशीला न्यावं लागतं. आम्ही सगळ्याच त्यांना आई म्हणतो. वार वाटून घेतलेत, ज्या दिवशी जिला जमेल तिने गाडी काढायची. येताना आई दमून झोपतात, पण जाताना फार अस्वस्थ असतात. पाम बीच रोड लागला की "परत फिरवा गं" सुरू होतं. त्यांचं माहेर मुळशीकडचं. थोरली बहीण, म्हणजे आक्का, आता नाहीत. पण २०११ साली घरातल्या एका लग्नात हळद दळताना आक्कांनी ओव्या म्हटल्या होत्या आणि भाच्याने त्या आपल्या छोट्या एमपी-थ्री प्लेअरमध्ये रेकॉर्ड केल्या होत्या. काडेपेटीएवढा तो प्लेअर आईंच्या कपाटात होता. इअरफोन काही आई कानात ठेवून घेत नाहीत. म्हणून ठरलं, की ओव्या गाडीच्या स्टीरिओवरच लावायच्या.

आधी कॉपी, मग प्रयोग

आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका. प्लेअरमधलं रेकॉर्डिंग दुसरीकडे न उतरवताच आम्ही खटपट सुरू केली. जुन्या प्लेअरची बॅटरी कधी दगा देईल, सांगता येत नाही. तो आधी कॉम्प्युटरला जोडा आणि सगळ्या फाइल्स उतरवून घ्या. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर. जोडल्यावर कॉम्प्युटर कधीकधी विचारतो, "फॉरमॅट करायचं का?" तिथे हो म्हणायचं नाही. हो म्हटलं की आतलं सगळं पुसलं जातं.

स्टीरिओला काय काय जोडता येतं ते बघा

कंपनीतून बसून आलेल्या स्टीरिओच्या तोंडावर तीन गोष्टी शोधा. एक, छोटं गोल भोक, शेजारी 'ए-यू-एक्स' अशी अक्षरं. याला सगळे ऑक्स म्हणतात. दोन, यूएसबीचं चपटं तोंड. तीन, ब्लूटूथची खूण किंवा फोनचं चित्र. समोर दिसलं नाही तर डॅशबोर्डचा कप्पा उघडून बघा, गिअरच्या मागे आणि दोन सीटांमधल्या हात टेकायच्या पेटीतही बघा. जोडल्यावर 'मोड' किंवा 'सोर्स'चं बटण दाबून स्टीरिओला सांगावं लागतं, की आता रेडिओ नको, हे ऐकव. निम्म्या वेळा सगळं बरोबर जोडलेलं असतं, फक्त हे बटण दाबायचं राहतं.

एक लक्षात ठेवा. सिगरेट लायटरच्या जागी घालायचा चार्जर फक्त वीज देतो, त्यातून गाणं स्टीरिओपर्यंत जात नाही. काही गाड्यांत मूळचं यूएसबी तोंडही नुसतं चार्जिंगचं असतं.

ऑक्सची वायर

जुन्या प्लेअरसाठी हा सगळ्यात सरळ मार्ग. दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर घ्यायची. एक टोक प्लेअरच्या इअरफोनच्या भोकात, दुसरं स्टीरिओच्या ऑक्समध्ये. प्लेअरचा आवाज पाऊण ठेवायचा आणि कमीजास्त स्टीरिओवरून करायचं. प्लेअरचा आवाज पुरा चढवला तर गाणं फाटतं. अगदी कमी ठेवून स्टीरिओ चढवला तर खरखर वाढते.

आम्ही तेच केलं. आणि स्टीरिओतून आक्का आल्याच नाहीत. प्लेअरच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, गाडीत मात्र शांतता. रेकॉर्डिंग पुसलं गेलं असं वाटून आमची मैत्रीण तिथेच रडायला लागली. एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, ऑक्स गेलाय, नवा टचस्क्रीनवाला स्टीरिओ बसवा, पंधरा हजार. दुकानाचं नाव घेत नाही, पण पैसे न देता आम्ही परत आलो, हे बरं झालं.

घरी आल्यावर एकीने प्लेअरला इअरफोन लावला. आक्का स्पष्ट ऐकू आल्या. म्हणजे रेकॉर्डिंग होतं, प्लेअरही ठीक होता. मग गाडीत त्याच प्लेअरवरचं एक सिनेमाचं गाणं लावलं. तबला, बासरी, व्हायोलिन सगळं वाजत होतं, फक्त गाणारी बाई गायब! तेव्हा उलगडा झाला.

त्यामागचं कारण असं. पिनेवर काळ्या रेघांनी पाडलेले भाग असतात. एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा आणि एक दोघांचा मिळून परतीचा. पिन पूर्ण आत गेली नाही किंवा वायर आतून तुटली, तर परतीचा रस्ता बंद पडतो. मग स्टीरिओला डाव्या-उजव्यामधला नुसता फरक ऐकू येतो. गायिकेचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, म्हणून तो वजा होतो. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे असतात, म्हणून ती उरतात. आक्कांचं रेकॉर्डिंग तर एकाच माइकवर केलेलं, दोन्हीकडे अगदी सारखं. सारख्यातून सारखं वजा केलं की काय उरणार?

पिन आत का जात नव्हती? प्लेअरवर रबरी कव्हर होतं. त्याच्या जाडीमुळे पिन दोन मिलिमीटर बाहेर राहत होती. कव्हर काढलं, पिन 'टक्' करून बसली आणि गाडीत आक्का बोलल्या. खर्च शून्य.

यातून आम्ही एक सवय लावून घेतली. काही चाललं नाही की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी प्लेअरला इअरफोन लावून बघायचा. मग तीच वायर दुसऱ्या फोनला लावायची. मग दुसरी वायर आणायची. वायर शे-दीडशे रुपयांत येते. एवढं झाल्याशिवाय स्टीरिओला दोष द्यायचा नाही.

ऑक्सचं आणखी एक दुखणं आहे. गाणं चालू असताना प्लेअर गाडीच्याच चार्जरला लावला, तर बारीक कुईं असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. चार्जरची वायर काढा, बहुतेक वेळा आवाज जातो. चार्ज करत करतच ऐकायचं असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत मधे बसवतात.

यूएसबी आणि पेनड्राइव्ह

रोज प्लेअर जोडायचा कंटाळा येतो, म्हणून पुढे आम्ही ओव्या पेनड्राइव्हवर घेतल्या. तिथेही अडलो. पेनड्राइव्ह लावला की स्टीरिओ म्हणायचा, फाइल नाही. याची कारणं साधारण दोन असतात.

पहिलं, फाइलचा प्रकार. कंपनीच्या जुन्या स्टीरिओला एमपी-थ्री नक्की समजतं, बाकीच्यांची खात्री नाही. आक्कांचं रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही प्रकारचं निघालं. आजच्या फोनवर केलेलं रेकॉर्डिंग बरेचदा एम-फोर-ए असतं, जुन्या साध्या फोनवरचं एएमआर. अशी फाइल कॉम्प्युटरवर एमपी-थ्रीमध्ये बदलून घ्यायची. ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्रॅम हे काम करतो. मूळ फाइल मात्र टाकून द्यायची नाही.

दुसरं, पेनड्राइव्हची आखणी. बऱ्याच जुन्या स्टीरिओंना फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचता येतो. म्हणून १६ किंवा ३२ जीबीचा घ्या, रिकामा असतानाच फॅट-३२ करा आणि मग गाणी भरा. साध्या दर्जाचं एमपी-थ्री मिनिटाला सुमारे एक एमबी जागा घेतं, म्हणजे १६ जीबीत चार-चार मिनिटांची साडेतीन हजारांहून जास्त गाणी बसतात. गाण्यांच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घातले, तर बहुतेक स्टीरिओंवर ती आपल्याला हव्या त्या क्रमाने लागतात.

प्लेअरच सरळ यूएसबीला जोडायचा असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'एमएससी' आणि 'एमटीपी' असे पर्याय आहेत का बघा. एमएससी निवडलं की स्टीरिओ त्याला पेनड्राइव्हसारखं वागवतो. वायरही नीट निवडा. काही स्वस्त वायरींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात.

ब्लूटूथ

स्टीरिओत आणि प्लेअरमध्ये दोन्हीकडे ब्लूटूथ असेल तर वायरच नको. पण इथे एक गोम आहे. ब्लूटूथमध्ये एक पाठवणारा लागतो, एक ऐकणारा. गाडीचा स्टीरिओ ऐकणारा असतो. स्पीकरवाल्या गाण्याच्या पेट्यांपैकी पुष्कळशा फोनवरचं ऐकण्यासाठीच बनवलेल्या, म्हणजे त्याही ऐकणाऱ्याच. दोन्ही बायका कान देऊन बसल्या आणि बोलणारी कोणीच नाही, असा तो प्रकार. विकत घेताना विचारा, "हा ब्लूटूथने गाणं बाहेर पाठवतो का?" काही जुन्या स्टीरिओंत ब्लूटूथ फक्त फोनच्या कॉलपुरतं असतं, त्यावर गाणी लागत नाहीत, हेही तपासा.

एफएम ट्रान्समीटर आणि कॅसेटवाला मार्ग

ज्या गाडीत नुसता रेडिओ आहे, तिच्यासाठी लायटरच्या जागी बसणारा एफएम ट्रान्समीटर मिळतो. प्लेअरमधलं गाणं तो अगदी कमी ताकदीने एफएमवर सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. त्यासाठी रिकामी जागा लागते. आपल्या भागात ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ अशी स्टेशनांची दाटी आहे. कोणत्याही दोन स्टेशनांच्या मधे नुसती खरखर ऐकू येईल असा आकडा शोधायचा आणि ट्रान्समीटर व रेडिओ दोन्ही त्यावर लावायचे. सीवूड्सला रिकामा असलेला आकडा लोणावळ्याला रिकामा असेलच असं नाही.

जुन्या गाडीत कॅसेट प्लेअर असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो, त्याच्या शेपटीची पिन प्लेअरला लावायची. सोनीचा वॉकमन १९७९ साली आला, ॲपलचा आयपॉड २००१ साली आला आणि २०२२ साली बंदही झाला. वस्तू बदलत गेल्या, पण साडेतीन मिलिमीटरची ती पिन अजून टिकून आहे. म्हणून जुना प्लेअर टाकून द्यायची घाई करू नका.

स्टीरिओ बदलायचाच असेल तर

वायरी कापू देऊ नका. प्रत्येक गाडीसाठी तयार कप्लर मिळतो, तो मूळच्या सॉकेटमध्ये तसाच बसतो. "कप्लर लावणार की वायर कापणार?" हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. कापलेल्या वायरींवरून पुढे वॉरंटी नाकारली जाऊ शकते. जुना स्टीरिओ दुकानात न ठेवता घरी आणा.

गाडी सुरू करण्याआधी

सगळी जोडाजोड गाडी उभी असतानाच करायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपला प्लेअर म्हणजे फोन नाही, पण नजर रस्त्यावरून हटायची ती हटतेच. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. पाम बीच रोडवर गाणं बदलायचं असेल तर शेजारी बसलेलीने बदलावं. आणि उन्हात उभ्या गाडीत प्लेअर ठेवून जाऊ नका, तापून बॅटरी फुगते.

ज्यांच्या घरी असं रेकॉर्डिंग नाही, त्यांच्यासाठी एक सांगायचंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात त्यांतल्या कितीतरी टेपवर रेकॉर्ड झाल्या. २०१७पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, त्या लोकांसमोर आणत आहे. मुळशीतल्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. फोनवर त्या ऐकता येतात आणि फोन ऑक्सला कसा जोडायचा ते आता तुम्हाला माहीत आहे.

आमच्या आई अजूनही वाशीला जायला नाखूशच असतात, खोटं कशाला सांगू. पण "परत फिरवा" म्हणायचं थांबलंय. आक्का एक ओळ म्हणतात, पुढची आई म्हणतात. मधेच आक्का एक शब्द चुकल्या आहेत, तिथे आई दर वेळी त्यांना दुरुस्त करतात. तेवढ्यात वाशी येते.

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर कपाटातला जुना प्लेअर, जुना फोन बाहेर काढा. चार्ज करून बघा आत कोणाचा आवाज आहे, आणि आधी त्याची कॉपी करून ठेवा. कुठे अडलात तर पुढच्या भेटीत विचारा.