टपाल-सर्व्हरच्या कोष्टकांचे परिवर्तन

ई-मेलच्या व्यवहारात ‘२५०’ हे सांकेतिक उत्तर म्हणजे एक वचन होय. ते देताच पत्राची जबाबदारी स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर येते. पत्रे मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठविली जात असतील, तर हे वचन पाळले जाणे पुष्कळ अंशी कोष्टकांच्या साठवण-यंत्रणेवर अवलंबून असते.

एकच पत्र शीर्षके, मजकूर आणि पेटीतील नोंद अशा अनेक कोष्टकांत विभागले जाते. मायआयसॅम या जुन्या यंत्रणेत या नोंदी सुट्या होतात. मध्येच वीज गेल्यास अर्धेच पत्र उरते. २०१० साली मायएसक्यूएल ५.५ मध्ये प्रमाण ठरलेली इनोडीबी यंत्रणा मात्र एका व्यवहारातील सर्व नोंदी एक तर पूर्ण करते, नाही तर एकही ठेवीत नाही. शिवाय लेखनासाठी ती सबंध कोष्टक न अडविता केवळ संबंधित ओळी अडविते.

परिवर्तनाची आज्ञा एका ओळीची असली, तरी तीमुळे कोष्टकाची नवी प्रत तयार होते. म्हणून डिस्कवर तेवढी मोकळी जागा लागते आणि त्या काळात लेखन थांबवावे लागते. तथापि, पूर्वीच्या अर्धवट नोंदी तशाच राहतात. कोष्टकांना परस्परांशी जोडणारी बंधने मायआयसॅमने मुळात जपलेलीच नसतात. त्या नोंदी शोधून काढून बंधने नव्याने घातल्यावाचून परिवर्तन पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही.