कृष्णेचं पाणी : आधी कुणाला कळतं?



हंगाम सरत आला की नदी उतरते आणि काठावरच्या मोटारी खाली डोहाकडं सरकतात. नेमक्या ह्याच दिवसांत, मार्च २०२३ मध्ये, सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेतले मासे मरून काठाला लागले. दोष कुणाचा यावर पुष्कळ बोलून झालं. मासा मरतो कसा, हे मात्र प्रत्येक ऊस उत्पादकाला ठाऊक पाहिजे.

मळीमिश्रित पाणी असो की गावचं सांडपाणी, त्यातला सेंद्रिय भाग कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्या भुकेचं माप म्हणजे बीओडी. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम. आसवनीच्या कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. म्हणजे एक टँकर ओढ्यात सुटला, तर तेराशेवर टँकर निव्वळ शुद्ध पाणी मिसळावं तेव्हा तो जेमतेम मर्यादेत येतो. उन्हाळ्यात नदीला तेवढी धार असते कुठं? म्हणूनच आसवनीनं थेंबही बाहेर सोडायचा नाही असा दंडक आहे. कारखाना आपला म्हणून याबाबत गप्प बसणं मला तरी पटत नाही. शहरांचंही तेच. सांगलीच्या शेरी नाल्याचं पाणी उचलून धुळगावकडं शेतीला देण्याची योजना झाली, तरी तो प्रश्न संपला नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी हे कळतं नदीवर पोट असणाऱ्याला. मासा वर येऊन तोंड उघडून हवा घ्यायला लागला की भोई किंवा कातकरी माणूस समजतो, पाण्यात काहीतरी आलंय. पण त्याला विचारतो कोण? वस्ती गावाबाहेर, ग्रामसभेत आवाज नाही.

न्यूझीलंडमध्ये वायकाटो ही ४२५ किलोमीटरची नदी आहे. २०१० च्या कायद्यानं तिच्यासाठी प्राधिकरण झालं. निम्मे सदस्य नदीकाठच्या माओरी जमातींचे, निम्मे सरकारचे. पाण्याची तपासणी, योजना, परवाने याबाबत स्थानिक परिषदांना जमातींशी करार करावे लागतात. नदीत सर्वत्र पोहता यावं आणि तिथलं अन्न खाता यावं, हे त्यांचं ध्येय. त्यांची अडचणही आपल्या ओळखीची आहे: दुभत्या जनावरांच्या कुरणांतून वाहून येणारं नत्र.

सातारा-सांगलीत अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळं १९९६ चा पेसा कायदा इथं लागू नाही. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते, हे आपण जाणतोच. त्या समितीत मासेमारी करणारा एक माणूस घ्या. पाणी काळं पडलं, वास आला, तर त्यानं सरपंचाला सांगायचं. सरपंचानं प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं आणि त्याच तासाला खालच्या गावालाही. कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा. वरच्या गावानं दडवलेलं खालच्याला प्यावं लागतं.

आता आपल्या रानाचं. आडसाली उसाला नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६०. ते एकदम टाकून पाट सोडला की बराचसा भाग मुळांखाली जातो नाहीतर ओढ्याला लागतो. पैसे तुमचे, घाण नदीची. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असं विभागून द्या. वाळवा-पलूसकडं खारवटलेली रानं बघितलेल्यांना पाण्याच्या पाळीबद्दल वेगळं सांगायला नको. आणि तणनाशकाचा पंप ओढ्यात विसळू नका. ते पाणी त्याच रानात, तणावरच फवारून संपवा.

— ऊस विकास अधिकारी