पेशीतील धोक्याची खूण ओळखणारे प्रतिपिंड

दंगलीची वर्दी आली म्हणून पोलिस ठाण्यातील शिपायांची संख्या क्षणात वाढत नाही. असलेलेच शिपाई कामाला लागतात. तेव्हा नुसती डोकी मोजून ठाण्यात काय चालले आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही. पेशीचेही काहीसे असेच आहे. अतिनील किरण, भोवतालच्या क्षारांच्या प्रमाणातील अचानक बदल, दाह अशा आघातांच्या वेळी ‘पी ३८’ नावाचे प्रथिन काही मिनिटांत सक्रिय होते. त्याचे एकूण प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहते. मग ते जागे झाले आहे की निद्रिस्त, हे संशोधकाने ओळखावे कसे?

पी ३८ म्हणजे ३६० अमिनो आम्लांची साखळी. आघाताची सूचना मिळताच ‘एमकेके ३’ व ‘एमकेके ६’ ही दुसरी दोन प्रथिने तिच्या १८० व्या आणि १८२ व्या स्थानी एकेक फॉस्फेट गट बसवतात. निद्रिस्त आणि जागृत अवस्थांतील खूण ती एवढीच. नेमकी तीच हेरणारे प्रतिपिंड आज जगभरच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत आढळते.

सर्पदंशावरील प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते, हे मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे मराठी वाचकाला परिचित आहे. येथे बहुधा ससा असतो. पी ३८ मधील त्या दोन स्थानांभोवतीचा लहानसा तुकडा फॉस्फेटसह कृत्रिमरीत्या घडवून सशाला टोचला जातो. सशाच्या रक्तात त्याविरुद्ध अनेक प्रकारची प्रतिपिंडे निर्माण होतात. काही केवळ फॉस्फेटयुक्त तुकड्याला चिकटतात, तर काही फॉस्फेट नसलेल्यालाही. दुसरा गट वेगळा काढून टाकणे, हे खरे कौशल्याचे काम.

अडचण पुढेच आहे. पी ३८ ला ‘जेएनके’ आणि ‘ईआरके’ ही भावंडे आहेत आणि तीही अशाच जोडखुणेने जागी होतात. पी ३८ मध्ये दोन खुणांच्या मधोमध ग्लायसिन असते, जेएनकेमध्ये प्रोलिन, तर ईआरकेमध्ये ग्लुटामिक आम्ल. म्हणजे फरक प्रामुख्याने एका मण्याचा. त्यातच पी ३८ आणि ईआरके यांचे आकारमानही जवळपास सारखे. प्रथिने आकारानुसार वेगळी करून पटलावर उतरवण्याच्या ‘वेस्टर्न ब्लॉट’ या पद्धतीत दोघांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी येतात. प्रतिपिंड सैल असेल, तर भलत्याच प्रथिनाची पट्टी पी ३८ च्या नावावर नोंदली जाऊ शकते.

म्हणून जाणकार संशोधक एका पट्टीवर विसंबत नाहीत. आघात दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी शेजारी ठेवल्या जातात. एका नमुन्यातील फॉस्फेट विकराने काढून टाकले, की पट्टी नाहीशी झालीच पाहिजे. एकूण पी ३८ मोजणारे दुसरे प्रतिपिंडही वापरावे लागते. पेशी फोडताना फॉस्फेट गळून पडू नयेत म्हणून सारे काम बर्फावर, फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना रोखणारी रसायने घालून करतात. पटलावरील मोकळी जागा झाकण्यास एरवी चक्क दुधाची भुकटी चालते. परंतु दुधातील केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असल्याने येथे बहुधा गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन पसंत केले जाते. स्वयंपाकघरातील भुकटीने प्रयोगाची दिशाभूल व्हावी, हे गमतीचे वाटले तरी हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

आणखी एक सूक्ष्म भेद विसरला जातो. खूण असणे म्हणजे काम चालू असणे नव्हे. ‘एसबी २०३५८०’ हे पी ३८ ला निष्क्रिय करणारे रसायन प्रसिद्ध आहे. ते प्रथिनाचे काम थांबवते. पण त्यावर बसणारी खूण साधारणतः रोखत नाही. अशा वेळी पट्टी पाहून ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यासाठी पी ३८ ज्याला पुढचा निरोप देते, त्या ‘एमके २’ या प्रथिनाची अवस्था तपासावी लागते.

या काटेकोरपणाची गरज केवळ पी ३८ पुरती नाही. चेतासंस्थेशी निगडित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासणी केली. त्यांतील अनेक प्रतिपिंडे अपेक्षित प्रथिन ओळखण्यात अपयशी ठरली. शिवाय अशाच अपयशी प्रतिपिंडांवर आधारलेले शेकडो शोधनिबंध आधीच प्रसिद्ध झालेले होते. त्यामागे खर्च झालेला सार्वजनिक पैसा आणि विद्यार्थ्यांची वर्षे परत मिळत नाहीत.

प्रत्येक सशाचे रक्त वेगळे, त्यामुळे एका खेपेचे प्रतिपिंड दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. यावर उपाय म्हणून प्रतिपिंडाचा जनुकीय आराखडा नोंदवून ते संवर्धित पेशींकडून तयार करवून घेण्याची पद्धत आता रुळते आहे. वरील तपासणीतही अशी पुनःसंयोजित प्रतिपिंडे सरस ठरली. ती सहसा महाग असतात आणि लहान विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना जुनीच बाटली पुरवून वापरावी लागते. नव्या खेपेची बाटली उघडताना ती जुन्या नमुन्यावर पडताळून पाहणे मात्र त्यांनाही सहज परवडणारे आहे.